भग्न अवशेष पाहायचे, तर जाणता वाटाड्या हवा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

सुट्ट्यांचा हंगाम जवळ आला की युरोपच्या सहलींच्या जाहिराती वर्तमानपत्रांत दिसू लागतात आणि त्यांत रोमच्या कोलोसियमचे छायाचित्र हमखास असते. अशा जाहिराती पाहून आयुष्यभराच्या बचतीतून प्रवासाचा बेत आखणाऱ्या वाचकांसाठी, आणि त्याहूनही अधिक, मुंबईच्या परिसरातील प्राचीन स्थळांविषयी ज्यांना आस्था आहे त्यांच्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पत्र थोडे लांबले आहे. शक्य झाल्यास ते न कापता छापावे, ही विनंती.

मी मुंबईच्या गोदीत चौतीस वर्षे टॅली क्लार्क होतो. जहाजातून उतरणारे नग मोजायचे, त्यांच्यावरच्या खुणा कागदाशी ताडून पाहायच्या आणि नोंद करायची, हे माझे काम. माझे वडील त्याच गोदीत पाठीवर गोणी वाहत असत. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडले ते या दोन कामांशी जोडलेले आहे.

रोमला मी दोनदा गेलो. पहिल्या वेळी एका सहल कंपनीबरोबर गेलो होतो. रोमच्या वाट्याला त्या कार्यक्रमात अर्धा दिवस आला होता आणि त्यातली पंचवीस मिनिटे कोलोसियमसाठी होती, तीही बाहेरून. आमच्याबरोबरच्या व्यवस्थापकाने दोन हजार वर्षांचा आकडा सांगितला, सिंहांच्या झुंजींचा उल्लेख केला आणि बस कोठे उभी राहील ते बजावले. त्यांना मी दोष देत नाही. चाळीसहून अधिक माणसांची पारपत्रे, जेवण आणि औषधपाणी ज्याने सांभाळायचे, त्याच्याकडून इतिहासाची अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल. परंतु घरी आल्यावर शेजाऱ्यांनी विचारले, तेव्हा मोठ्या पडक्या भिंतीपलीकडे मला काहीच सांगता येईना, याचे मला वाईट वाटले.

दुसऱ्यांदा आम्ही चौघे गेलो. मी, पत्नी, मुलगी आणि जावई. एक दिवस, एकच ठिकाण आणि आपल्या चौघांपुरता स्वतंत्र गाइड, असा आग्रह मुलीने धरला. गाइडचे शुल्क माणशी नव्हते. तासांप्रमाणे आणि साऱ्या गटाला मिळून एकच होते. त्यासाठी आम्ही दुसऱ्या एका शहराची धावती भेट रद्द केली आणि खर्चाची तोंडमिळवणी झाली. इटलीत हा व्यवसाय परवान्यावाचून करता येत नाही आणि परवान्यासाठी परीक्षा द्यावी लागते. आमच्या गाइड बाई पुरातत्त्वशास्त्र शिकलेल्या होत्या. पैसे ठरण्याआधीच त्यांनी पत्र पाठवून तीन गोष्टी विचारल्या: तुमची वये काय, कोणाला गुडघ्याचा त्रास आहे का, आणि तुम्ही आयुष्यात काय काम केलेत. तिसऱ्या प्रश्नाचे मला नवल वाटले, पण उत्तर कळवले. त्यावर त्यांनी लिहिले की, तसे असेल तर रोमच्या मध्यभागातील फोरममध्ये, म्हणजे तेथल्या प्राचीन मुख्य चौकात, तुमचा दिवस घालवणार नाही, तुम्हाला ओस्तियाला नेते.

ओस्तिया हे प्राचीन रोमचे बंदर. टायबर नदीच्या मुखाशी ते वसले होते आणि मुखासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरूनच त्याचे नाव पडले. रोममध्ये पिरॅमिडच्या आकाराची एक जुनी समाधी आहे. तिच्या शेजारच्या पोर्ता सान पाओलो स्थानकातून लोकल गाडीने अर्ध्या तासात तेथे पोहोचता येते. पाँपेई ७९ साली ज्वालामुखीच्या राखेखाली एकाएकी गाडले गेले. ओस्तियाचे तसे झाले नाही. व्यापार उतरणीला लागला, बंदर गाळाने भरत गेले, हिवताप पसरला आणि शतकानुशतके माणसे निघून जात राहिली. १५५७ च्या महापुरात तर नदीनेच आपले पात्र बदलले. त्यामुळे आज या बंदराच्या जुन्या काठापाशी पाणी नाही. बाईंनी आम्हाला प्रवेशद्वाराजवळच्या पाइन वृक्षाखाली बसवले आणि काडीने मातीत दोन रेघा ओढून तेव्हाची नदी आणि आताची नदी दाखवली. ती दहा मिनिटे मिळाली नसती, तर धक्क्यावाचूनचे आणि पाण्यावाचूनचे बंदर आमच्या डोळ्यांपुढे उभेच राहिले नसते. मुंबईकराला हे समजायला जड जाऊ नये. १८८० ची प्रिन्सेस गोदी आणि १८८८ ची व्हिक्टोरिया गोदी आता बुजवलेल्या आहेत, आणि जेथे मी बोटीच्या काठाशी उभा राहून नग मोजले, तेथे आज कोरडी जमीन आहे.

मग त्यांनी आम्हाला भिंती वाचायला शिकवल्या. चौकोनी दगडांच्या तिरक्या ओळींनी जाळीसारखी दिसणारी भिंत साधारणपणे आधीची आणि पातळ, रुंद भाजक्या विटांची भिंत त्यानंतरची, एवढे एक सूत्र त्यांनी दिले. कित्येक विटांवर वीटभट्टीचा शिक्का असतो आणि काहींवर त्या वर्षीच्या रोमन कॉन्सलांची, म्हणजे एका वर्षापुरत्या नेमलेल्या सर्वोच्च अधिकाऱ्यांची, नावे असतात, त्यामुळे वर्षही कळते. इ.स. १२३ चे शिक्के तर इतके सापडले आहेत की त्या वर्षाचा अभ्यासकांनी वेगळा विचार केला आहे. तासाभराने माझी पत्नी, जिने इतिहासाचे पुस्तक शाळेनंतर हातात धरलेले नव्हते, एका भिंतीपुढे थांबून म्हणाली, "ही खालची जुनी आणि वरची दुरुस्ती नंतरची दिसते." बाईंनी तिच्या म्हणण्याला मान डोलावली. पंचवीस मिनिटांच्या सहलीत हे घडणे शक्य नाही.

नाट्यगृहामागे एक मोठा चौक आहे. त्याच्या तीन बाजूंना सुमारे साठ लहान खोल्यांच्या खुणा आहेत आणि त्यांच्यापुढच्या जमिनीवर काळ्या-पांढऱ्या दगडी तुकड्यांची चित्रे जडवलेली आहेत. जहाजमालक आणि व्यापारी यांच्या या पेढ्या असाव्यात, असे मानले जाते. आजच्या लिबियातील साब्राथा या शहराच्या पेढीपुढे हत्ती आहे. सार्डिनियातील काराली, आफ्रिकेतील कार्थेज, फ्रान्समधील नार्बोन यांची नावे जमिनीवर लिहिलेली आहेत. गाइड नसता तर मी हत्तीचे छायाचित्र काढून पुढे गेलो असतो. बाईंनी मात्र मला थेट एका चित्रापाशी नेले आणि काही न बोलता उभ्या राहिल्या. दोन होड्या शेजारी लागलेल्या आहेत, एक समुद्रावरची आणि एक नदीवरची, आणि खांद्यावर मातीचा उंच रांजण घेतलेला एक माणूस फळीवरून एकीतून दुसरीत जातो आहे. समुद्रातली मोठी जहाजे नदीतून वर जाऊ शकत नसत, म्हणून माल पडावांसारख्या लहान बोटींत भरून काठावरून ओढत रोमपर्यंत नेत. माझे वडील हेच करत होते. फळी तीच, झुकलेला खांदा तोच, आणि पाय ठेवण्याची ती सावध तऱ्हाही तीच. मी त्या चित्रापुढे किती वेळ उभा होतो ते मला सांगता येणार नाही, आणि बाईंनीही घाई केली नाही.

पुढे त्या म्हणाल्या, आता तुमचे काम दाखवते. धान्य मोजणाऱ्यांच्या संघाचे दालन तेथे आहे. त्याच्या जमिनीवर मापात धान्य भरून घेणारी माणसे दाखवली आहेत, एकाच्या पाठीवर पोते आहे आणि एकाच्या हातात मोजणीच्या काड्या आहेत. किती पोती उतरली ते काड्यांनी लक्षात ठेवायचे. आम्ही पाचाच्या गठ्ठ्याने रेघा मारत असू, चार उभ्या आणि पाचवी आडवी. कंटेनर आल्यावर ते काम संपले. माझ्या खात्यात माझ्यानंतर त्या कामावर नवीन माणूस घेतला गेला नाही. एका संपलेल्या कामाला कोणीतरी सुमारे अठराशे वर्षांपूर्वी जमिनीवर कायमचे कोरून ठेवले आहे, हे पाहून मला जे समाधान वाटले, त्याचे सारे श्रेय मी त्या बाईंच्या तिसऱ्या प्रश्नाला देतो. पाहणारा कोण आहे हे जाणून घेऊन दिवसाची आखणी बदलणे, हा स्वतंत्र मार्गदर्शकाचा खरा उपयोग आहे. गर्दी टळते आणि रांग लहान होते, हे लाभ त्यामानाने किरकोळ आहेत.

गोदामे मी स्वतःहून ओळखली. रोमच्या दहा लाखांच्या आसपासच्या वस्तीला लागणारे धान्य समुद्रमार्गे येई, त्यातले पुष्कळसे ईजिप्त आणि आफ्रिकेतून. धान्याला ओल लागू नये म्हणून कोठारांची जमीन लहान आधारांवर उचलून तिच्याखाली हवा खेळती ठेवलेली आहे. आम्ही शेडमध्ये गोण्यांखाली लाकडी फळ्या घालत असू, त्यामागचा विचार हाच. कोठारांपासून फार दूर नाही अशी अग्निशमन दलाची बराक आहे. सम्राट क्लॉडियसने आगीच्या भयाने ओस्तियात एक तुकडी ठेवली होती आणि पुढे सम्राट हेड्रियनच्या काळात ही इमारत उभी राहिली. त्या अंगणात मी बाईंना १४ एप्रिल १९४४ ची हकीकत सांगितली. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट कसा झाला, जहाजात कापसाच्या गाठी आणि स्फोटके एकत्र कशी होती आणि अग्निशमन दलाचे किती जवान त्यात गेले. त्यांनी वही काढून तारीख लिहून घेतली. एवढे सारे जाणणारी व्यक्ती आमच्याकडूनही शिकायला तयार आहे, याचा मला आनंद झाला.

राहत्या घरांविषयी थोडक्यात लिहितो, कारण ज्याने चाळीत आयुष्य काढले आहे त्याला ती समजावून सांगावी लागत नाहीत. रस्त्याकडेला दुकानांचे गाळे, मधून वर जाणारा जिना, आत समाईक अंगण आणि पाण्याची टाकी, आणि वर भाडेकरूंचे मजले. डायानाचे घर म्हणून ओळखली जाणारी इमारत अशीच आहे. इमारती कोसळत आणि जळत म्हणून सम्राट ऑगस्टसने त्यांच्या उंचीवर सत्तर रोमन फुटांची मर्यादा घातली आणि पुढे सम्राट ट्रेजनने ती साठावर आणली. त्याच रस्त्यावर संगमरवरी ओटा असलेली खानावळ आहे; भिंतीवर खाद्यपदार्थांचे चित्र अजून दिसते आणि मागे बसायला छोटे अंगण आहे.

दुपारी सावलीत बसून डबा खाताना बाईंनी मिऱ्यांचा विषय काढला. रोमच्या फोरमजवळ, पवित्र मार्गाच्या कडेला, सम्राट डोमिशियनने मसाल्यांची कोठारे बांधली होती आणि मिऱ्यांवरूनच त्यांना नाव पडले होते. पुढे त्यांच्यावर सम्राट मॅक्सेंटियसची प्रचंड इमारत उभी राहिली. ती मिरी आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून जात होती. तांबड्या समुद्रावरच्या ईजिप्तच्या बंदरांतून जहाजे जुलैच्या सुमारास निघत, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर इकडे येत आणि हिवाळ्यात परतत. एकट्या म्योस होर्मोस बंदरातून वर्षाला १२० जहाजे भारताकडे जातात, असे स्ट्रॅबो या प्राचीन ग्रीक भूगोलकाराने लिहिले आहे, आणि भारत दरवर्षी साम्राज्याचे पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो, अशी प्लिनी या रोमन लेखकाची तक्रार आहे. त्या मार्गावरच्या बेरेनिके बंदरात भारतीय साठवणीच्या भांड्यात काही किलो मिरी सापडली आणि २०२२ मध्ये तेथे बुद्धाची संगमरवरी मूर्तीही मिळाली. मग बाईंनी मला विचारले, "तुम्ही मुंबईचे ना? मग कलिएना आणि सुप्पारा तुम्हाला जवळच. तेथे काय पाहायला मिळते?"

कलिएना म्हणजे कल्याण आणि सुप्पारा म्हणजे सोपारा. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक भाषेतील नाविक वर्णनात ही दोन्ही नावे आहेत. कल्याण पूर्वी अधिकृत बाजारपेठ होते, पण नंतर तेथे अडथळे आले आणि तेथे शिरणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असेही त्यात नोंदवले आहे. ही दोन्ही नावे मी लोकलच्या फलकांवर आयुष्यभर वाचत आलो आणि कित्येक रविवारी नातेवाइकांकडे त्या स्थानकांवर उतरलोही. परंतु त्या प्रश्नावर मला एक वाक्यही बोलता आले नाही. त्या बाई मुंबईला कधी आलेल्या नव्हत्या.

परतीच्या विमानातून त्यांनी सांगितल्याप्रमाणे खिडकीतून पाहिले, तर विमानतळाजवळ षट्कोनी तळे स्पष्ट दिसले. ते ट्रेजनने बांधलेले बंदर. त्याआधी क्लॉडियसने इ.स. ४२ च्या सुमारास शेजारीच मोठे बंदर उभारायला घेतले होते, आणि ६२ साली वादळात त्या बंदराच्या आतच सुमारे दोनशे जहाजे बुडाली, असे रोमन इतिहासकार टॅसिटसने लिहिले आहे. सेंट पीटरच्या चौकातील ज्या उंच दगडी स्तंभापुढे आपली प्रत्येक सहल छायाचित्र काढते, तो स्तंभ ईजिप्तहून आणणारे अवाढव्य जहाज याच बंदराच्या दीपगृहाच्या पायासाठी मुद्दाम बुडवले गेले. पहिल्या खेपेला त्या स्तंभापुढे मी स्वतः उभा होतो आणि मला हे कोणी सांगितले नव्हते.

घरी आल्यावर दुसऱ्याच रविवारी मी नालासोपाऱ्याला स्तूप पाहायला गेलो. १८८२ मध्ये पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजी यांनी तेथे उत्खनन केले. दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक, त्यांत सोन्याची फुले, आणि पेटीत कांस्याच्या आठ बुद्धमूर्ती असा ठेवा त्यांना मिळाला. तो मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आला. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही सोपाऱ्यातच सापडला. हे सारे मी वाचून गेलो होतो, तरीही त्या मातीच्या उंचवट्यापुढे मी पुन्हा कोलोसियमसमोरच्या पंचवीस मिनिटांतलाच माणूस झालो. बंदर कोठे होते, खाडी कोठपर्यंत येत होती, माल कोठे उतरत होता, हे मातीत दोन रेघा ओढून सांगणारे कोणी नव्हते. कान्हेरीतही तेच. तेथे शंभराहून अधिक लेणी आहेत, कल्याणच्या एका सोनाराने पाण्याची पोढी, म्हणजे टाके, दान दिल्याचा लेख आहे, डोंगरउतारावरचे पावसाचे पाणी टाक्यांत उतरवण्याची व्यवस्था आजही डोळ्यांना दिसते. आणि सुट्टीच्या दिवशी येणारी शेकडो मराठी कुटुंबे मोठ्या चैत्यापुढे छायाचित्र काढून परत फिरतात. चूक त्या कुटुंबांची नाही. त्यांना कोणी थांबवून दाखवत नाही.

तेव्हा माझी सूचना अशी आहे. सोपारा, कल्याण, कान्हेरी आणि घारापुरी या स्थळांसाठी, परीक्षा घेऊन आणि ओळखपत्र देऊन, मराठीत उत्तम बोलणारे मार्गदर्शक तयार करावेत. त्यांची तासाची फी जाहीर असावी, म्हणजे चार-पाच जणांच्या कुटुंबाला ती परवडेल. पुरातत्त्वाचे शिक्षण घेणारे विद्यार्थी या कामाला मिळतीलच. पण त्या त्या ठिकाणचे कोळी, आगरी आणि भूमिपुत्र, ज्यांना खाडी, भरती-ओहोटी आणि गाळ पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे, त्यांनाही प्रशिक्षणात घ्यावे. घाट, धक्के आणि वारे यांच्याविषयी त्यांना जे समजते, ते पुस्तकातून येत नाही. ज्या सरकारी यंत्रणांकडे ही स्थळे सोपवलेली आहेत, त्यांनी आणि विद्यापीठांनी याचा विचार करावा, आणि आपल्यासारख्या वृत्तपत्राने तो विषय लावून धरावा.

परदेशी जाणाऱ्या वाचकांना अनुभवाने इतकेच सांगेन की, जाहिरातीतल्या स्थळांची संख्या मोजू नका. एखादे शहर कमी करा आणि वाचलेल्या पैशांतून एका परवानाधारक गाइडचा एक पूर्ण दिवस घ्या. जाण्याआधी त्याला आपली वये, आपल्या अडचणी आणि आपले काम कळवा. ओस्तिया सोमवारी बंद असते. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश मोफत असल्याने गर्दी होते. उन्हाळ्यात सावली कमी आणि फरसबंदी खडबडीत, त्यामुळे चांगली पादत्राणे आणि पाणी बरोबर हवे. कोलोसियमच्या तिकिटावर नाव असते, म्हणून पारपत्र जवळ ठेवावे.

मी आता सत्तरीत आहे. सोपाऱ्यासाठी असे प्रशिक्षण कोणी सुरू केले, तर पहिल्या तुकडीत बसण्याची आणि परीक्षा देण्याची माझी तयारी आहे. माल कसा उतरतो, कसा मोजतात आणि कसा वाहून नेतात, एवढे तरी मला पर्यटकांना नीट सांगता येईल.

आपला विश्वासू,
गोदीतील एक निवृत्त कर्मचारी,
शिवडी, मुंबई